छोट्या गाडीचे कंपनीचे टायर बदलून घाटातली पकड कशी वाढवायची : स्विफ्ट धरून पायरी पायरीने

तुमच्याकडे स्विफ्ट किंवा डिझायरचं एलएक्सआय, व्हीएक्सआय मॉडेल असेल आणि ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा असले घाट तुम्ही नेहमी करत असाल तर मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. स्टीअरिंग फिरवलं की गाडी ताबडतोब वळत नाही, आधी जरा कलते, खाली टायर दबल्यासारखा वाटतो आणि मग कुठे नाक वळतं. वेग थोडा जास्त झाला की पुढचे टायर ओरडायला लागतात आणि गाडी वळणाच्या बाहेर सरकते, डावं वळण असेल तर बाहेर म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीच्या अंगावर.

यात गाडीचा दोष फारसा नाही. कंपनी बेस मॉडेलला १६५/८० आर१४ साइजचा (आकड्यांचा अर्थ पायरी दोनमध्ये) टायर देते तो मायलेज, किंमत आणि खड्ड्यातला आराम बघून देते. रबर कडक असतं, म्हणजे झिजत नाही आणि पेट्रोल कमी लागतं, पण रस्त्याला चिकटत नाही. वर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, चांगली १३२ मिमी उंच, ती वळणात आधी वाकते आणि मग गाडीला वळवते.

मी पुण्याहून चिपळूणला नेहमी ये-जा करतो, टायर बदलताना दुकानादुकानात वेगवेगळं ऐकलं, कोण म्हणतं २०५ टाका, कोण म्हणतं साइज अजिबात बदलू नका, कोण म्हणतं नायट्रोजन भरा सगळं ठीक होईल. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून काढतोय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको : पकड आधी रबरातून येते, मग हवा आणि अलाइनमेंटमधून (चाकं ठरलेल्या कोनात बसवणं), आणि रुंदीचा नंबर शेवटी. बहुतेक लोक उलटीकडून सुरू करतात आणि पैसे घालवतात.

१. नवीन टायर घ्यायच्या आधी आहेत तेच तपासा

ही पायरी कंटाळवाणी आहे पण सोडू नका, कारण निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम इथेच सुटतो.

हवा : ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर पुढच्या-मागच्या टायरचं प्रेशर लिहिलेलं असतं. तेच खरं. टायरच्या साइडवॉलवर प्रेशरचा जो मोठा आकडा असतो तो टायरला झेपणारं जास्तीत जास्त प्रेशर, तो भरायचा नसतो, तरी आजही काही पंक्चरवाले तोच वाचून भरतात. हवा सकाळी गाडी थंड असताना मोजायची. स्वतःचं एक गेज घ्या, तीन-चारशे रुपयात बरं मिळतं, पंपावरच्या गेजवर माझा तरी विश्वास नाही.

नक्षी : नवीन टायरच्या खाचांची खोली साधारण ७-८ मिमी असते. कायद्यानं १.६ मिमी पर्यंत चालतो, खाचांच्या मध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या लेव्हलला आली की टायर संपला. पण पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली गेलेला टायर मला घाटात नको, खाचांमधून पाणी बाहेर फेकायला जागाच राहत नाही.

वय : साइडवॉलवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांचा झाला असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, रबर कडक झालेलं असतं. कमी चालणाऱ्या गाड्यांचा हाच घोळ असतो, मालक म्हणतो टायर नव्यासारखे आहेत आणि ओल्या रस्त्यावर गाडी साबणावर ठेवल्यासारखी घसरते.

अलाइनमेंट : सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेनं झिजला असेल तर आधी ते करून घ्या. लक्षात ठेवा, असल्या छोट्या गाड्यांमध्ये साधारणपणे पुढच्या चाकांचा टो (वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) तेवढा ॲडजस्ट होतो, मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा अखंड दांडा) असतो तिथे फिरवायला काही नसतं. कोणी मागच्या चाकांच्या अलाइनमेंटचे वेगळे पैसे मागितले तर नेमकं काय फिरवणार ते विचारा.

हे सगळं ठीक करूनही गाडी वळणात बाहेर जाते असं वाटत असेल तर पुढे चला.

२. टायरवरचे आकडे वाचायला शिका

समजा लिहिलंय १८५/६५ आर१५ ८८एच. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी. आर म्हणजे रेडियल (रेडियस नाही, दुकानातसुद्धा लोक चुकीचं सांगतात). १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८८ हा लोड इंडेक्स, एक टायर ५६० किलो उचलतो. एच म्हणजे २१० किमी वेगापर्यंत. एस १८०, टी १९०, व्ही २४०.

नियम एकच : नवीन टायरचा लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. ८५ असेल तर ८५ किंवा वर. गाडीत पाच माणसं आणि डिकीत गणपतीचं सामान घेऊन कोकणात जाणारे आपण लोक, इथे काटकसर नको.

३. साइज ठरवा

टायर बदलला तरी चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो, गिअरिंग बदलतं, एबीएसचं (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गणित बिघडतं आणि चाक फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आत घासतं. व्यास काढायचा कसा? साइडवॉलची उंची दुप्पट करा, त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवा, एक इंच म्हणजे २५.४ मिमी.

मूळ १६५/८० आर१४ चा व्यास येतो ६१९.६ मिमी. आता बाकीचे बघू :

- १८५/७० आर१४ : ६१४.६ मिमी, पाऊण टक्क्याच्या आसपास कमी. रिम तेच चालतं.
- १८५/६५ आर१५ : ६२१.५ मिमी, जवळजवळ तेवढाच. वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनी हीच साइज देते.
- १९५/६० आर१५ : ६१५ मिमी, चालण्यासारखा, पण रिम रुंद लागतं.
- १९५/५५ आर१६ : ६२०.९ मिमी, आकड्यात परफेक्ट, रस्त्यावर वेगळी गोष्ट आहे, खाली सांगतो.
- १८५/६५ आर१४ : ५९६.१ मिमी, जवळजवळ चार टक्के कमी. गाडी खाली बसते, स्पीडोमीटर जास्त दाखवतो. नको.
- २०५/६५ आर१५ : ६४७.५ मिमी, साडेचार टक्के जास्त. हा "बसतो हो साहेब" म्हणून लावून देतात, बसतो खरा, पण पूर्ण स्टीअरिंग फिरवलं की आत घासतो. हा तर नकोच.

व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा, मी तर एकच टक्का धरतो.

मग यातला कुठला? माझं उत्तर बजेटवर ठरतं.

रिम बदलायचं नसेल तर १८५/७० आर१४. पहिल्या पिढीच्या स्विफ्टला झेडएक्सआय मॉडेलमध्ये हीच साइज यायची, त्यामुळे विचित्र काही नाही. रुंदी २० मिमीनं वाढते, साइडवॉल फार कमी होत नाही, खड्ड्यातला आराम राहतो. स्टीअरिंगचा प्रतिसाद थोडा सुधारतो, खरा फरक चांगल्या रबरानं पडतो.

रिम घ्यायची तयारी असेल तर १८५/६५ आर१५. हा सगळ्यात समजूतदार पर्याय आहे. कंपनीनं त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेली साइज आहे, त्यामुळे सस्पेन्शन, फेंडर, एबीएस सगळं जमतं आणि कोणी प्रश्न विचारला तरी उत्तर तयार असतं. साइडवॉल १३२ वरून १२० वर येते आणि स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी लवकर वळते हे पहिल्याच वळणावर कळतं.

१९५/५५ आर१६ मी घेतला नाही आणि घेणारही नाही. साइडवॉल १०७ मिमी, चांगल्या रस्त्यावर मजा येते, पण पावसाळ्यातल्या मुंबई-गोवा रस्त्यावर एखादा धारदार खड्डा लागला की साइडवॉलला फुगा येतो किंवा रिम वाकतं. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकायचाच. शिवाय १६ इंची चाक जड, गाडीचं वजन तेच आणि इंजिन तेच, पिकअप आणि मायलेज दोन्ही खाली.

आणि रुंदीबद्दल एक गैरसमज. रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर लागतं असं सगळे म्हणतात, पण रस्त्याला टेकलेला भाग मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचं प्रेशर यावर ठरतो. रुंदी वाढली की तो भाग आखूड आणि रुंद होतो, एकूण क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. वळणात त्याचा फायदा आहे, नाही असं नाही, पण साचलेल्या पाण्यात तोच रुंद टायर लवकर पाण्यावर तरंगायला लागतो. ताम्हिणीत जुलैमध्ये रस्त्यावरून ओढे वाहतात तिथे १८५ बरा, २०५ नको.

बाकीच्या गाड्यांचं थोडक्यात : वॅगनआरला १५५/८० आर१३ असेल तर वरच्या मॉडेलची १६५/७० आर१४ बघा, ग्रँड आय१० निओसला १६५/७० आर१४ असेल तर १७५/६० आर१५. अल्टोवाल्यांनी त्याच साइजमध्ये चांगल्या रबराचा टायर घ्यावा आणि रिमचे पैसे वाचवावेत. पद्धत सगळीकडे एकच, आधी तुमच्याच मॉडेलच्या टॉप व्हेरियंटची साइज शोधा.

४. रिम : इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते

१४ इंची रिमच ठेवणार असाल तर फक्त रिमची रुंदी बघा, रिमवर ५जे असं कोरलेलं असतं म्हणजे पाच इंच. १८५/७० आर१४ ला साडेचार ते सहा इंच चालतं. १८५/६५ आर१५ ला पाच ते साडेसहा. १९५/६० आर१५ ला कमीत कमी साडेपाच लागतं, पाच इंची रिमवर तो लावला की साइडवॉल आत चिमटली जाते आणि वळणात टायर आधीपेक्षा जास्त डुलतो, म्हणजे पैसे देऊन उलटं काम.

१५ इंची घेणार असाल तर हे चार आकडे वहीत लिहून न्या. स्विफ्टचे मी देतोय, तुमची गाडी वेगळी असेल तर मॅन्युअल किंवा कंपनीच्या रिमवरून घ्या :

- पीसीडी ४ x १००, म्हणजे चार नट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी
- मधलं भोक म्हणजे सेंटर बोअर ५४.१ मिमी
- नट एम१२ x १.२५, म्हणजे १२ मिमी जाडीच्या बोल्टचा, आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी (ह्युंदाईला पीसीडी तोच पण आटे १.५ चे, त्यामुळे ह्युंदाईचे नट मारुतीला जबरदस्तीनं आवळू नका, बोल्टचे आटे जातात)
- ऑफसेट म्हणजे ईटी (रिमची मधली रेष आणि गाडीला टेकणारा भाग यांच्यातलं अंतर मिमीमध्ये), कंपनीच्या रिमवर जो असेल त्याच्या जवळपास

ऑफसेटबद्दल जरा सांगतो कारण दुकानदार याचं नावच काढत नाहीत. ईटी जितका कमी तितकं चाक बाहेर येतं. दिसायला भारी दिसतं, पण व्हील बेअरिंगवर ताण येतो, खड्ड्यात स्टीअरिंग हाताला झटके देतं आणि टायर फेंडरच्या बाहेर आला की पोलीस थांबवतात ते वेगळंच.

सेंटर बोअरचंही तसंच. बाजारातल्या बऱ्याच अलॉय रिमचं भोक ६७ किंवा ७३ मिमीचं असतं म्हणजे कुठल्याही गाडीला बसावं म्हणून. मग मधे रिकामी जागा राहते, चाक फक्त नटावर टांगलेलं राहतं आणि ऐंशी-नव्वदला स्टीअरिंग थरथरतं. माणूस चार वेळा बॅलन्सिंग (छोटी वजनं लावून चाक समतोल करणं) करतो आणि थरथर जात नाही. यावर उपाय म्हणजे हब रिंग, प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची, बाहेरून तुमच्या रिमच्या भोकाएवढी आणि आतून ५४.१. स्वस्त वस्तू आहे, आठवणीनं मागा.

सगळ्यात चांगला मार्ग विचाराल तर झेडएक्सआयचे कंपनीचेच १५ इंची अलॉय जुने शोधा. लोक गाडी घेतल्या घेतल्या मोठे रिम लावतात आणि कंपनीचे विकून टाकतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, शिवाय ऑनलाइन. जुनं रिम घेताना बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, वाकलेलं असेल तर लगेच दिसतं, आणि आतल्या बाजूला वेल्डिंगची खूण असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. नवीन घेत असाल तर आयएसआय मार्क बघा.

कायद्याचं : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा म्हणतोय की कंपनीनं मंजूर केलेल्या साइजमध्येच रहा. आणि वेगळे अलॉय लावले तर इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून नोंद करून घ्या, नाहीतर अपघातात रिम फुटलं तर त्याचे पैसे मिळायची आशा सोडा.

५. कुठला टायर

इथे भांडणं होतात म्हणून ब्रँडचा नंबर एक-दोन लावत नाही. फक्त प्रकार ओळखा. एकाच कंपनीचे दोन टायर एकमेकांपासून फार वेगळे असतात.

पहिला प्रकार जास्त चालणारा. नावातच लाइफ, ड्युरा, मायलेझ, टॅक्सी असलं काही असतं. अपोलो अमेझर ४जी लाइफ, गुडइयर ड्युराप्लस, सिएट मायलेझ, जेके टॅक्सीमॅक्स. शहरात रोज चालवणाऱ्याला, टॅक्सीवाल्याला उत्तम. आपल्या कामाचे नाहीत, पण दुकानदार हेच आधी काढतो कारण यावर गिऱ्हाईक तक्रार करायला परत येत नाही.

दुसरा प्रकार पकड आणि ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग डोळ्यापुढे ठेवून केलेला. अपोलो अलनॅक ४जी, मिशेलिन एक्सएम२ प्लस, योकोहामा ब्लूअर्थ-जीटी, गुडइयर ट्रिपलमॅक्स २, सिएट सिक्युराड्राइव्ह अशी नावं या बाजूला येतात. यातला प्रत्येक प्रत्येक साइजमध्ये मिळेलच असं नाही. १५ इंचात पर्याय जास्त, १४ इंचात १८५/७० मध्ये कमी, १६५/८० मध्ये आणखी कमी. जून २०२० मध्ये सरकारनं टायरच्या आयातीवर परवान्याची अट घातली, तेव्हापासून परदेशी ब्रँडच्या काही साइज मिळायला त्रास होतो. म्हणून आधी तुमच्या साइजमध्ये काय उपलब्ध आहे ते बघा आणि मग त्यातून निवडा, उलटं करू नका.

तिसरा प्रकार स्पोर्टी, मऊ रबराचा. स्विफ्टला गरज नाही. लवकर झिजतो आणि आपल्या रस्त्यांवर आवाज करतो.

काही टायरवर ट्रेडवेअर (झीज), ट्रॅक्शन (पकड), टेंपरेचर असं लिहिलेलं असतं, ती अमेरिकन पद्धत. ट्रॅक्शनला एए सगळ्यात वर, मग ए, बी, सी, पण ती परीक्षा ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारण्याची आहे, वळणाची नाही. ट्रेडवेअरचा आकडा कमी म्हणजे रबर साधारण मऊ, पण तो कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा ४०० आणि दुसरीचा ४०० सारखा धरू नका. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२२ पासून नव्या डिझाइनच्या टायरना ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि रोलिंग रेझिस्टन्सचे (टायर फिरताना होणारा अडथळा) किमान निकष लागू झालेत. ते चांगलंच आहे, पण किमान म्हणजे पास होण्यापुरते मार्क, त्यावरून पहिला कोण ते कळत नाही.

बजेट दोनच टायरचं असेल तर नवीन जोडी मागे लावा. हो, मागे. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून सगळे पुढे लावायला सांगतात, टायरवाला पण वाद घालेल. पण पुढच्या टायरची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि ॲक्सिलरेटर सोडला की परत पकडते, मागच्यांची सुटली तर ओल्या वळणावर शेपूट फिरते आणि तिथे साध्या ड्रायव्हरला काही करता येत नाही. शक्य असेल तर चारही एकदमच बदला, मऊ रबर पुढे आणि कडक जुनं मागे ही जोडी घाटात वाईट.

६. दुकानात जाताना काय न्यायचं

- आरसीची कॉपी आणि गाडीचं मॅन्युअल, साइजवरून वाद झाला की उपयोगी
- स्वतःचं हवेचं गेज
- ट्रेड डेप्थ गेज (खाचांची खोली मोजायचं) असेल तर, नाहीतर मोबाइलची टॉर्च
- साइज, लोड इंडेक्स, पीसीडी, बोअर, नट लिहिलेला कागद
- गाडीतला पाना, आपल्या पान्यानं नट सुटतायत का ते तिथेच बघायचं आहे
- दोन-तीन दुकानांचे कोटेशन

भाव सतत हलतात, पण अंदाज म्हणून सांगतो, १८५/६५ आर१५ चा एक टायर साडेचार ते साडेसहा हजारात येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे जुन्या व्हिडिओतले भाव दाखवून कोणी जास्त सांगत असेल तर बिलावरचा टॅक्स बघा. कोटेशन घेताना "सगळं धरून किती" विचारा, फिटिंग, बॅलन्सिंग, नवीन व्हॉल्व्ह, अलाइनमेंट. टायर स्वस्त सांगून वरचे पैसे बाजूनं काढणं ही जुनी ट्रिक आहे.

जुन्या टायरचं एक्सचेंज : गाडी अगदी नवीन असेल, शोरूममधून काढून थोडीच चालली असेल, तर काढलेल्या टायरला चांगले पैसे येतात, तेव्हाच बदलणं फायद्याचं. दहा-पंधरा हजार किलोमीटर चालल्यावर भाव पार पडतो.

टायर समोर आले की चारही टायरचे डीओटी आकडे स्वतः वाचा. सहा महिन्यांच्या आतले असतील तर उत्तम, वर्षापेक्षा जुने असतील तर परत. चारही एकाच मॉडेलचे, आणि आयएसआय मार्क. बिलावर प्रत्येक टायरचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी क्लेम करायला गेलात की पहिलं तेच मागतात.

७. बसवून घेताना समोर उभे रहा

चहा प्यायला जाऊ नका, इथेच थांबा.

टायरवर आउटसाइड असं लिहिलं असेल तर ती बाजू बाहेरच आली पाहिजे, बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेनं. घाईत पोरं उलटा बसवतात आणि ते घरी गेल्यावर कळतं. रबरी व्हॉल्व्ह नवीनच. बॅलन्सिंग मशीनवर वजन लावल्यावर चाक पुन्हा फिरवून शून्य आलेलं बघायचं.

नट आधी हातानं लावायला सांगा आणि मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायला. हवेची गन थेट लावून धडधड आवळणं ही सगळीकडची सवय आहे. त्यानं एकतर आटे जातात किंवा नट इतके घट्ट बसतात की रात्री घाटात पंक्चर झालं तर पान्यावर उभं राहूनही सुटत नाहीत. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना), आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

खाली उतरवल्यावर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, चाक आत कुठे टेकतंय का टॉर्च मारून बघा, विशेषतः सस्पेन्शनचा स्ट्रट (चाकाच्या आतला शॉकॲब्सॉर्बरचा खांब) आणि टायर यांच्यातली जागा. मागे दोघांना बसवून पुन्हा बघा. मग अलाइनमेंट, आणि त्याचा आधीचा-नंतरचा प्रिंट मागून घ्या.

८. हवा आणि पहिले काही दिवस

स्टिकरवरच्या प्रेशरपासून सुरुवात करा. वळणात टायर अजूनही डुलतोय असं वाटलं तर एक-दोन पीएसआय वाढवून बघा, त्यापेक्षा जास्त नको, फार फुगवला की मधलाच भाग रस्त्याला टेकतो आणि पकड कमी होते. नायट्रोजन भरा न भरा, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो, नियमित तपासणं जास्त महत्त्वाचं. आणि घाट उतरून खाली आल्यावर प्रेशर तीन-चार पीएसआय जास्त दिसतं ते टायर तापल्यामुळे, तेव्हा हवा सोडू नका, थंड झाल्यावर कमी भरेल.

नवीन टायरवर साच्यातून निघताना लागलेला गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून, ओल्या रस्त्यावर तर अगदीच. थेट दुकानातून ताम्हिणीला निघू नका. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासा, नवीन अलॉयला हे लागतंच.

फरक बघायचा तर ओळखीच्या वळणावर, नेहमीच्याच वेगानं. स्टीअरिंग फिरवल्यावर नाक किती लवकर वळतं, मधेच दुरुस्ती करावी लागते का, टायर आधी जिथे ओरडायचे तिथे आता ओरडतात का, एवढं पुरे. मर्यादा कुठे आहे ते शोधायची जागा घाट नाही, तिथे पुढच्या वळणावर गुरं बसलेली असतात, ट्रकचं डिझेल सांडलेलं असतं, पहिल्या पावसात डोंगरावरची लाल माती रस्त्यावर आलेली असते, आणि असल्या ठिकाणी कुठल्याही कंपनीचा टायर काही करू शकत नाही. स्टीअरिंग किंचित जड झालंय आणि मायलेज थोडं पडलंय असं वाटेल, ते खरंच आहे.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या. घाट करणाऱ्या गाडीचे पुढचे टायर कडांनी आधी झिजतात. बाण असलेले टायर फक्त त्याच बाजूला पुढे-मागे होतात, डावे-उजवे नाही.

९. स्टेपनी विसरू नका

१५ इंची केलंत तर जुन्या चौघांतला सगळ्यात चांगला १६५/८० आर१४ त्याच्या लोखंडी रिमसकट स्टेपनी म्हणून ठेवा. व्यास जवळजवळ सारखा असल्यानं अडचणीत चालतो, पण ऐंशीच्या वर जाऊ नका आणि लवकरात लवकर पंक्चर काढून मूळ चाक परत लावा. अलॉयसोबत वेगळे नट आले असतील तर ते लोखंडी रिमला बसतात का हे घरीच एकदा लावून बघा, बसत नसतील तर कंपनीचे जुने चार नट पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीतच ठेवा. अलॉयला लॉकवाला नट घेतला असेल तर त्याची चावी पण तिथेच.